कळ कशी सुरू झाली?

श्रोतेहो, नमस्कार.

३१ डिसेंबर २००५. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर. ९७ वर्षांचे एक गृहस्थ घरी एकटेच आपल्या भाषणाची तयारी करत बसले होते. एकाएकी छातीच्या वरच्या भागात जीवघेणी कळ आली. ती मागे पाठीत शिरली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, आणि तिथून मानेत चढली. त्यांना वाटलं, हार्ट अटॅक आला, आता काही क्षणांत हृदय थांबणार. हृदय काही थांबलं नाही. मग पडल्या पडल्या ते विचार करू लागले आणि त्यांच्या ध्यानात आलं, हा अटॅक नव्हे, आपली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, आतून फाटते आहे.

त्यांना हे कळलं, कारण ते होते डॉ. मायकेल डिबेकी. याच आजारावरची यशस्वी शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात प्रथम करून दाखवली ती त्यांनी. लहानपणी ते आईकडून शिवणकाम शिकले होते. पुढे ह्यूस्टनच्या एका दुकानातून डेक्रॉनचं, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिएस्टरचं, कापड आणून त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर धमनीच्या जागी बसवायची नळी शिवली. घरच्या शिलाई मशीनवर, बरं का! शाळेत मुलगे-मुली सगळ्यांना सुई-दोरा धरायला शिकवावं, हे मी कितीतरी वर्षं सांगतो आहे. साधं बटण लावता न येणारी डॉक्टर मुलं वॉर्डात येतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तर, पत्नी आणि मुलगी घरी परतल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, स्नायू आखडलाय. आपलं दुखणं लपवलं त्यांनी! दवाखान्यात जायला ते कितीतरी दिवस तयारच नव्हते. अखेर जानेवारीत दाखल झाले, फेब्रुवारीत शुद्ध हरपली. या वयात ऑपरेशन करावं की नाही, यावर रुग्णालयाची नीती-समिती रात्री बसली. पत्नी थेट त्या बैठकीत शिरल्या आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता करा. त्यांचेच सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी फाटलेला भाग काढून तिथे डेक्रॉनची नळी बसवली. ज्या नळीची वाट डिबेकींनी पन्नास वर्षांपूर्वी घालून दिली, तीच त्यांच्या छातीत गेली. बरं व्हायला महिने लागले, पण ते घरी गेले, पुन्हा कामाला लागले आणि २००८ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

श्रोतेहो, या रोगात आयुष्य घालवलेल्या माणसाच्याही मनात पहिल्यांदा आला तो हार्ट अटॅकच. मग कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टरचं काय?

वेळ थोडा आहे, म्हणून आजार थोडक्यात सांगतो. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरतो, रक्त भिंतीत घुसतं आणि थर सोलत पुढे जातं. वाटेत ज्या फांदीचं तोंड दाबलं जाईल, तसं सोंग हा आजार घेतो. हृदयाची फांदी दाबली की हार्ट अटॅक. मानेची दाबली की पक्षाघात. मूत्रपिंडाची दाबली की मुतखड्याची कळ वाटते. पायाची दाबली की पाय गार आणि लुळा. ईसीजी कधी अगदी नॉर्मल येतो, तर कधी थेट अटॅकसारखा. आणि अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर तेच जिवावर बेततं.

मग ओळखायचं कसं? कळ कशी सुरू झाली, हे विचारायचं. पुन्हा सांगतो, कळ कशी सुरू झाली? अटॅकचं दुखणं बहुधा हळूहळू चढतं. इथे पहिल्याच क्षणी कळ कमाल असते, काही रुग्ण तर काहीतरी फाटल्यासारखं वाटलं असं सांगतात, आणि बऱ्याचदा ती जागा बदलते. दोन्ही हातांची नाडी पाहायची, दोन्ही हातांचं बीपी घ्यायचं. वरच्या आकड्यात वीसाहून जास्त फरक दिसला, तर संशय घ्यायचा. फरक नसला म्हणून मात्र निश्चिंत व्हायचं नाही. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा स्कॅन, केली की चित्र स्पष्ट होतं. नाडीला हात लावण्याआधीच मशीनकडे पाहायची सवय आम्हा डॉक्टरांना जडली आहे, आणि ती मोडलीच पाहिजे.

या आजाराचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणारे घरोघरी आहेत. कृपा करून मनाने बंद करू नका.

छातीत दुखलं तर आधी १०८ ला फोन करा, उपचाराला उशीर नको. महाधमनीचा हा आजार क्वचितच होतो, हार्ट अटॅक कितीतरी जास्त. पण डॉक्टरांना एवढं नक्की सांगा: कळ किती वाजता आली, एका झटक्यात आली की चढत गेली, आधी कुठे होती आणि नंतर कुठे सरकली, घरी कोणती गोळी दिली. आणि म्हणा, डॉक्टर, दुसऱ्या हाताचंही बीपी बघता का?

नमस्कार.