पानेवाडीचं निळं रॉकेल

मनमाडहून नांदगावकडे निघालं की थोड्याच अंतरावर पानेवाडी लागते. तेल कंपन्यांच्या डेपोंच्या भल्यामोठ्या टाक्या, बाहेर टँकरची रांग. मुंबईहून नळवाहिनीने तेल इथवर येतं आणि इथून टँकरमध्ये भरून पुढे जातं. रस्त्यात ढाबे आहेत. ड्रायव्हर जेवायला बसायचा, आणि एखाद्या ढाब्याच्या मागे तेल चोरायला टँकरच्या व्हॉल्व्हला पाइप लागायचा.

25 जानेवारी 2011. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे या रस्त्याने चालले होते. ढाब्यापाशी उभे टँकर पाहून त्यांना संशय आला. गाडी थांबवून ते उतरले, चौकशी केली, मोबाइलवर चित्रण सुरू केलं. सोबत फक्त स्वीय सहायक आणि गाडीचा चालक. थोड्याच वेळात या धंद्यातला मुख्य माणूस आपली माणसं घेऊन आला. मारहाण झाली. मग अंगावर रॉकेल ओतून त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. अपर जिल्हाधिकारी म्हणजे कलेक्टरच्या खालोखालचा अधिकारी. त्यालाही हात लावताना ही माणसं कचरली नाहीत. एवढी हिंमत एका दिवसात येत नाही.

ती कुठून आली, हे रॉकेलच्या भावात दिसतं. तेव्हा रेशनचं रॉकेल लिटरमागे साधारण 12-13 रुपयांना मिळायचं, डिझेल 40 रुपयांच्या वर होतं. सरकार सबसिडी देत होतं ती ज्यांच्या घरी स्टोव्ह आणि कंदील होते त्यांच्यासाठी. भेसळ ओळखता यावी म्हणून या रॉकेलमध्ये निळा रंग मिसळलेला असायचा. तो रंग काढून टाकला की तेच रॉकेल डिझेलमध्ये खपायचं. ट्रकमालकाचं इंजिन खराब व्हायचं, आणि रेशन दुकानासमोर कॅन घेऊन उभ्या असलेल्या बाईला उत्तर मिळायचं, ‘कोटा संपला.’

आता या वाटेवर कोण कोण उभं होतं ते पाहा. डेपोतून टँकर किती लिटर भरून निघाला याची नोंद व्हायची. घाऊक विक्रेत्याने किती उचललं, दुकानात किती पोहोचलं, कार्डावर किती वाटलं, त्याचीही व्हायची. ही रजिस्टरं तपासायला पुरवठा निरीक्षक होता, तहसीलदार होता, रस्त्यावर पोलीस ठाणं होतं. इतक्या नजरांखालून टँकरच्या टँकर वळवायचे, तर कुणीतरी बघूनही गप्प बसावं लागतं. सोनवणे गप्प बसले नाहीत.

आरोपींना अटक झाली. त्या आगीत भाजलेला मुख्य आरोपी काही दिवसांतच रुग्णालयात मेला. तपास सीबीआयकडे गेला. राज्यातल्या लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. मग राज्यभर जवळपास 200 ठिकाणी छापे पडले, ते दोन-तीन दिवसांत. इतके पत्ते दोन-तीन दिवसांत शोधून सापडत नाहीत. ते आधीपासून माहीत होते, आणि ते वापरायला एका अधिकाऱ्याचा जीव जावा लागला, याचा राग आजही येतो.

इशाराही आधीच मिळाला होता. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीत इंडियन ऑइलच्या मंजुनाथ षण्मुगम या तरुण अधिकाऱ्याने भेसळीच्या पेट्रोलपंपावर कारवाई केली. नोव्हेंबर 2005 मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं गेलं.

2016 पासून रेशनच्या रॉकेलचा भाव आधी दरमहा आणि पुढे दर पंधरवड्याला लिटरमागे 25 पैशांनी वाढत गेला आणि 2020 पर्यंत सबसिडी जवळपास संपली. स्वस्त रॉकेलवरची कमाई आटली. पण त्याच सुमारास गुजरातेत महामार्गांवर बायोडिझेल म्हणून भलतीच तेलं विकली जाऊ लागली. तिथेही माल तपासायचा तो पुरवठा खात्याने आणि पोलिसांनीच.