बार्शी लाइटचा हिशेब

मंडळी, बार्शी लाइटचा, म्हणजे अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच गहिवर दाटून येतो. चालत्या गाडीतून उतरल्याचे आणि पुन्हा पळत जाऊन चढल्याचे किस्से तुम्ही सगळ्यांनी ऐकलेत, तेव्हा ते आज बाजूला ठेवू. ही गाडी म्हणजे एका इंजिनिअरनं मांडलेला हिशेब होता. तो कुठं जुळला आणि कुठं फसला, तेवढंच बोलतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेत नोकरीला आला. मुंबई-मद्रास मार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. जवळचं स्टेशन बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, वीस-एकवीस मैलांवर. बार्शीची पेठ मोठी, पण माल बैलगाडीनं न्यायचा. कॅलथ्रॉपनं लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली.

अडीच फुटी म्हणजे खेळण्यातली गाडी, असा तेव्हाचा समज. कॅलथ्रॉपचा नियम साधा होता: इंजिन असो की मालाचा डबा, चाकांच्या एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन जड केलं की रूळ जड लागतात, मग पूलही भक्कम लागतात आणि खर्च हाताबाहेर जातो. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्यानं जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या असलेली इंजिनं करून घेतली. वजन विभागलं गेलं. डबेही तेवढाच भार पेलतील असे लांब आणि बोगीवाले, म्हणजे दोन्ही टोकांखाली वळणारे चाकगाडे असलेले. पुढं इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका खोऱ्यात त्यानं १९०४ साली अशीच लाइन उभारली. तिथल्या इंजिनांना आपल्याकडच्या पद्धतीचे भलेमोठे दिवे लावले होते. त्या चिमुकल्या खोऱ्यात त्यांचा उपयोग काय, ते दिवेच जाणोत!

आपली लाइन मात्र वाढत गेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला निजामाच्या हद्दीतलं लातूर, १९२७ ला मिरज. सव्वातीनशे किलोमीटरचा पल्ला झाला. पंढरपूरमुळे वारकरी मिळाले, लातूरमुळे कापूस आणि गळिताची धान्यं.

आता फसलेली बाजू. लातूरहून निघालेलं पोतं मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीत उतरवायचं. छोट्या डब्यातून हमालाच्या पाठीवर, पाठीवरून मोठ्या गाडीच्या डब्यात. त्यात पोती फाटायची, माल सांडायचा, वजनात घट यायची, आणि मोठा डबा वेळेवर मिळाला नाही तर माल फलाटावर पडून राहायचा. ट्रक आल्यावर व्यापाऱ्यानं हा व्याप कशासाठी करायचा? गाडी हळू चालायची म्हणून मागे पडली असं म्हणतात. माझ्या मते, निदान मालापुरतं तरी, तिला मारलं ते या चढउतारीनं.

तरीही लाइन वाचली, कारण १९५४ मध्ये सरकारनं कंपनीच विकत घेतली. शेजारी विदर्भातली शकुंतला पाहा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइनची मालकी खासगी कंपनीकडे राहिली, रेल्वे फक्त करारानं गाडी चालवत राहिली. पैसा कुणी घालायचा यावर दशकं गेली आणि अखेर गाडीच बंद पडली. बार्शी लाइटच्या रुळांना असा सवता मालक उरला नव्हता. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं काम होऊ शकलं. जुनी गाडी येडशीवरून जाताना धाराशिवला टाळायची; नव्या मार्गानं वळसा घालून जिल्ह्याचं ठिकाण गाठलं.

या ब्रॉडगेजचं मोल २०१६ च्या दुष्काळात कळलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर; पुढं पन्नास टँकरची गाडी. मार्ग पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. म्हणजे कॅलथ्रॉपच्या लाइनचं एक टोक ते दुसरं टोक! ते टँकर राजस्थानातल्या कोट्याहून आणले होते. अडीच फुटी रूळ असते तर ते मिरजेपर्यंत आले असते, पुढं नाही.

तसंच याच मार्गावरच्या सांगोल्याचं. देशातली शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी गाडी, २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहून थेट बंगालमधल्या शालिमारला निघाली. डाळिंबाची पेटी वाटेत रुळांच्या रुंदीपायी कुठं बदलावी लागली नाही.

पण लहान थांब्यांचं गणित वेगळं आहे, ते या कौतुकात विसरू नका. जुन्या मिश्र गाडीला पुढं चार मालडबे, मागं प्रवाशांचे, आणि ती गावोगाव थांबायची. आज या मार्गावरून कोल्हापूर-नागपूर एक्स्प्रेस जाते, पण बारक्या स्टेशनावरचा माणूस तिच्याकडे बघत उभा राहतो. त्याला पॅसेंजरच हवी. कोविडनंतर त्याच पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लागलं, दहाचे तीस झाले, आणि ते उतरायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा स्टेशनच्या रंगरंगोटीची निवेदनं जरूर द्या, पण आधी वेळापत्रक मागा: सकाळी तालुक्याला कामाला पोचवणारी एक गाडी आणि संध्याकाळी परत आणणारी एक.