पुरवठादाराचा पुरवठादार

(दृश्य: छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज एमआयडीसी, सकाळच्या पाळीची गर्दी)

रांजणगाव शेणपुंजी, बजाजनगर, जोगेश्वरी... सगळीकडून माणसं कामावर निघालीत. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि नगर रस्त्यालगतच्या या माळावर एकामागून एक शेड उभी राहिली. मोठ्या कंपनीला सुटे भाग देणारं युनिट. त्या युनिटचं लेथकाम करून देणारं दुसरं. आणि प्लेटिंग (धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणं), हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं), ग्राइंडिंग असं एकच काम करून माल परत पाठवणारे जॉबवर्कवाले. गाडीतली एक साधी पिनसुद्धा ही सगळी उतरंड उतरून येते.

ग्राहक कंपनीचं ऑडिट आता तयार माल मोजून संपत नाही. वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949 हे मानक 2016 मध्ये आलं. त्यात बाहेरून करून घेतलेल्या कामाचा जाबही माल देणाऱ्या युनिटलाच द्यावा लागतो. प्लेटिंग दुसऱ्याने केलं, आम्हाला माहीत नाही, हे उत्तर चालत नाही.

(दृश्य: सीएनसी शेड, पिनांचे क्रेट)

या युनिटमध्ये पुढच्या आठवड्यात ग्राहकाचं ऑडिट आहे. जमिनीवरचे पिवळे पट्टे ताजे रंगवलेत, प्रत्येक गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, कॅलिब्रेशनचं (माप अचूक असल्याच्या तपासणीचं) स्टिकर आहे, रिजेक्शनच्या लाल पेटीला कुलूप आहे. मालकांनी शेड चकाचक ठेवलीय.

क्वालिटीच्या या ताई. बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काढली, आता अशा छोट्या युनिटांकडून ऑडिटची तयारी करून घेतात. फायलींचं कपाट त्यांनी अजून उघडलेलं नाही. डिस्पॅचच्या क्रेटमधून एक पिन उचलली आणि उलटं चालायला सुरुवात केली.

क्रेटवरचा टॅग. टॅगवरचा लॉट नंबर, म्हणजे मालाच्या खेपेचा नंबर. त्या लॉटचं रूट कार्ड, म्हणजे माल कुठून कुठे गेला त्याची नोंद. कार्डावर प्लेटिंगच्या चलनाचा नंबर. त्याच्या मागे हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट. त्याच्याही मागे स्टीलच्या बारचा हीट नंबर (स्टील वितळवलेल्या घाण्याचा नंबर) आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. ऑडिटरही असाच चालतो. हातातल्या एका पिनेवरून थेट स्टीलपर्यंत.

बाकी सगळं जुळलं. अडलं ते प्लेटिंगच्या चलनाशी. त्यावर एवढंच लिहिलंय: जस्त प्लेटिंग, 8 मायक्रॉन.

(दृश्य: प्लेटिंगची शेड, फिरणारं बॅरल, वाफ)

म्हणून सगळे इथे आले. आधी कॉस्टिकमध्ये तेल काढायचं, मग पाणी, मग आम्लाचं पिकलिंग, म्हणजे गंज काढणं, पुन्हा पाणी आणि मग ही जस्ताची टाकी. पिना बॅरलमध्ये फिरत राहतात आणि हळूहळू उजळतात.

पण आम्लात आणि या टाकीत हायड्रोजनही सुटतो. स्टील जितकं कडक, तितका त्याचा धोका जास्त. तो धातूच्या आत शिरतो. डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरला कळत नाही. तो बाहेर काढायचा तर प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, सर्वसाधारणपणे 4 तासांच्या आत, माल भट्टीत घालायचा. तापमान साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअस. किती तास, ते पार्टच्या कडकपणावर आणि ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनवर ठरतं. आणि हे बेकिंग शेवटच्या पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्तावरच्या संरक्षक थराच्या, आधी, कारण तो थर इतकी उष्णता सोसत नाही. बेकिंग राहिलं तर पिन भाराखाली अचानक तुटते, कधी गाडीत बसल्यानंतर.

भट्टी इथे आहे. बेकिंगही होतं. भट्टीवरच्या दादांना वेळ आणि तापमान तोंडपाठ आहे, टाकीतून माल निघाला की ते घड्याळ बघतात. फक्त ते लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ग्राहकाकडून आलेली चेकलिस्ट इंग्रजीत होती. ती युनिटच्या ईमेलमध्ये राहिली, भट्टीपर्यंत आलीच नाही. परचेस ऑर्डरमध्येही बेकिंगचा उल्लेख नव्हता. यात दादांचा काय दोष?

(दृश्य: नवं रजिस्टर, लिहिणारा हात)

मागची पानं भरायची नाहीत, हे ताईंनी आल्याआल्या बजावलं. एका रात्रीत भरलेलं रजिस्टर लपत नाही. महिनाभर एकच पेन, एकच अक्षर, आणि दर तासाला बरोबर 200 अंश! खऱ्या भट्टीचा काटा हलतो. इथे बघा: 196, 203, 199. टाकीतून माल निघाल्याची वेळ, भट्टीत गेल्याची वेळ, लॉट नंबर, सही. आजपासूनचं, पण खरं.

भट्टीच्या तापमापकाचं कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबकडून करून घ्यायचं ठरलं. मराठीत लिहिलेली कामाची पद्धत भट्टीशेजारी लागली. अग्निशामकाची तारीख तपासली, मागच्या दारासमोरची पोती हलवली. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्येच हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून 6 कामगार गेले.

(दृश्य: ऑडिटचा दिवस, युनिटचं गेट)

ऑडिटच्या वेळी कॅमेरा आत नेता आला नाही. ऑडिटरने प्लेटिंगचा कागद मागितला. रजिस्टर थोड्याच दिवसांचं आहे, असा शेरा मारला आणि पुढच्या नोंदी पाठवायला सांगितलं.

परचेस ऑर्डरमध्ये आता बेकिंगची अट आहे. दराचं मात्र ठरायचंय. भट्टीची वीज, कॅलिब्रेशनची फी, नोंदी ठेवणाऱ्याचा वेळ, हे सगळं सध्या प्लेटिंगवाल्याच्या खिशातून जातंय. बेकिंगचा खर्च किलोमागे वेगळा धरावा, असं पत्र मालकांनी आणि ताईंनी मिळून ग्राहकाच्या खरेदी विभागाला पाठवलं आहे.