सर्व्हर कुठे थांबला, ते आधी शोधा

(सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेशनकडे वळलेल्या तरुण मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, लिनक्स इन्स्टॉल कसं करायचं हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हाला येतं. लॅपटॉपवर केलं असेल, व्हर्च्युअल मशीनवर तर कितीदा तरी केलं असेल. पण रॅकमधल्या सर्व्हरवर तेच काम करायला घेतलं की पहिल्याच पायरीवर अडायला होतं. इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच सापडत नाही. किंवा इन्स्टॉल नीट होतं आणि रीबूट केल्यावर पडदा काळाच राहतो. किंवा चार महिने सगळं सुरळीत चालतं आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एका अपडेटनंतर मशीन वर येत नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक सवय पडून गेली आहे: फॉरमॅट मार आणि पुन्हा टाक. मला आज त्या सवयीविरुद्ध बोलायचं आहे. फॉरमॅट मारून मशीन कधीकधी सुरू होतं, हे खरं. पण बिघाड कशात होता हे सांगणारा पुरावाही त्याच वेळी पुसला जातो. पंचनामा करायच्या आधीच जागा धुऊन काढावी, तसं ते होतं. मग तोच बिघाड पुन्हा येतो आणि आपण पुन्हा फॉरमॅटच मारतो.

आणखी एक वाक्य कानावर येतं: 'या सर्व्हरला लिनक्स चालत नाही.' नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. आपल्या पुण्यात सी-डॅकमध्ये असलेला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या त्याच यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. तेव्हा प्रश्न लिनक्स चालतं की नाही असा नसतोच. चालत्या साखळीतली कुठली कडी तुटली, एवढाच प्रश्न असतो.

मशीन सुरू होण्याची साखळी तुम्हाला माहीत आहे. वीज आली की आधी फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच बसवलेला प्रोग्राम, जागं होतं, ते ग्रब या बूटलोडरला उठवतं, ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही तात्पुरती छोटी फाइलसिस्टीम मेमरीत आणून ठेवतो, इनिटरॅमएफएसमधले ड्रायव्हर खरी डिस्क शोधून रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टीम जोडतात आणि मग सिस्टीमडी बाकीच्या सेवा सुरू करतो. सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न हाच: यातला शेवटचा कोण बोलला?

आता शेवटचा कोण बोलला हे ऐकायची सोय जवळजवळ प्रत्येक सर्व्हरमध्ये असते, आणि दुःखाची गोष्ट ही की बरेच जण तिला हातच लावत नाहीत. मदरबोर्डवर एक वेगळा छोटा संगणक असतो, बीएमसी. डेलमध्ये त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो. त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली. २०१५ मध्ये त्याच कामासाठी रेडफिश ही नवी पद्धत आली. सर्व्हर रॅकमध्ये चढवला की लिनक्सच्या आधी बीएमसीला आयपी द्या आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. त्याला वेगळ्या नेटवर्कमध्येच ठेवा. आयपीएमआय २.० ची लॉगिनची रचनाच अशी आहे की विचारणाऱ्याला पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं गणिती रूप, मिळतो, मग तो घरी बसून फोडता येतो. हे २०१३ पासून जगजाहीर आहे आणि पॅचने सुटणारं नाही.

बीएमसी हाताशी आला की सीरियल कन्सोल, म्हणजे सर्व्हरचे संदेश अक्षरांत दाखवणारी खिडकी, सुरू करा. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' एवढी ओळ दिसून पडदा गोठतो आणि आपण म्हणतो मशीन हँग झालं. बहुतेकदा ते हँग नसतं. कर्नल बोलत असतो, पण दुसऱ्याच खिडकीत. कर्नलच्या ओळीत कन्सोल एकापेक्षा जास्त दिले असतील तर सिस्टीमचा मुख्य कन्सोल शेवटचा ठरतो. काही मशीनवर बीएमसीचा आभासी सीरियल पोर्ट पहिला, टीटीवाय-एस०, नसून दुसरा, टीटीवाय-एस१, असतो. ग्रबमध्ये ई दाबा, ओळीतून संदेश लपवणारे 'आरएचजीबी' आणि 'क्वाएट' हे दोन शब्द काढा, कन्सोल नीट लिहा आणि पुन्हा बूट करा. ग्राफिक्सच्या चिपमुळे पडदा काळा होत असेल तर 'नोमोडसेट' जोडून पाहा. एवढं केल्यावर निम्म्या वेळा कारण समोर लिहिलेलंच दिसतं.

आता डिस्क न दिसण्याकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

नव्या सर्व्हरवर डिस्क दिसत नसेल तर आधी रेड कंट्रोलरचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डाचा, मेनू उघडा. कंट्रोलर रेड मोडमध्ये असेल आणि व्हर्च्युअल डिस्क बनवलेलीच नसेल तर आठ डिस्क खोचलेल्या असूनही लिनक्सला एकही दिसणार नाही. दुसऱ्या सर्व्हरमधून काढून आणलेल्या डिस्क असतील तर कंट्रोलर त्यांना 'फॉरेन' म्हणून बाजूला ठेवतो. तिथे सावध राहा. त्यांच्यावर कुणाचा तरी डेटा असू शकतो, आणि घाईत 'क्लियर' दाबलं तर त्या रेडची रचना पुसली जाते.

सेकंडहँड सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्क घेतल्या असतील तर आणखी एक गंमत. मोठ्या स्टोरेज अॅरेमधून निघालेल्या डिस्कचे सेक्टर पुष्कळदा ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. जास्तीचे आठ बाइट तो अॅरे स्वतःच्या तपासणीसाठी वापरत असे. लिनक्सला ही डिस्क दिसते, पण वापरता येत नाही. डीमेसेज या कर्नलच्या नोंदीत स्वच्छ लिहून येतं, 'अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०'. एसजी-फॉरमॅट हे साधन वापरून ती ५१२ वर आणता येते. काही तास लागतात, डिस्क पूर्ण पुसली जाते, मधे वीज जाऊ देऊ नका. किती चांगल्या डिस्क केवळ ही एक ओळ न वाचल्यामुळे भंगारात गेल्या असतील!

यानंतरचा प्रकार मात्र जिव्हारी लागतो, कारण त्यात काहीच बिघडलेलं नसतं. समजा एखाद्या कॉलेजला एखाद्या कंपनीने २०१०-११ च्या सुमाराचा डेलचा सर्व्हर देणगी दिला. आत पर्क एच७०० हा रेड कंट्रोलर, मेमरी भरपूर, डिस्क धडधाकट. सेंटओएस ७ हे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनलेलं फुकट लिनक्स त्यावर वर्षानुवर्षं चालतं. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपतो, म्हणून तुम्ही रेड हॅट ८ च्या कुळातलं काही टाकायला जाता आणि इन्स्टॉलर म्हणतो, डिस्क नाही. कंट्रोलर मेला असं वाटतं. मेलेला नसतो.

इन्स्टॉलर तसाच ठेवा आणि दुसरा कन्सोल उघडा. कार्डांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा 'एनएन' पर्यायासह द्या. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे दिसतील, एक बनवणाऱ्याचा आणि एक उपकरणाचा. एच७०० पुढे असेल १०००:००७९. प्रत्येक ड्रायव्हर स्वतःजवळ अशा आकड्यांची यादी ठेवतो आणि कर्नल त्या यादीवरूनच कुठलं कार्ड कुणाचं हे ठरवतो. मेगारेड-सॅस हा ड्रायव्हर मे २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट ८ मध्ये आहेच. पण त्याच्या यादीतून ००७९ हा आकडा रेड हॅटने काढून टाकला. सॅस२००८ चिपवरच्या एच२०० सारख्या कार्डांचंही तेच झालं. म्हणजे कार्ड शाबूत, ड्रायव्हर शाबूत, दोघांची ओळख तेवढी पुसलेली.

यात रेड हॅटचा हिशोब मला समजतो. दहा वर्षं आधार द्यायचं वचन ज्या हार्डवेअरला द्यायचं त्याची चाचणी करत राहावी लागते, आणि बनवणाऱ्यानेच सोडून दिलेलं कार्ड त्यांनी किती काळ सांभाळायचं? पण ज्यांच्याकडे नवा सर्व्हर घ्यायला पैसे नाहीत त्यांचं मशीन एका आकड्यापायी भंगार ठरावं, हे मला पटत नाही. सुदैवाने वाट आहे. ईएलरेपो हा प्रकल्प अशा कार्डांसाठी ड्रायव्हर डिस्क बनवतो. बूटच्या ओळीत 'इन्स्ट डॉट डीडी' देऊन ती दाखवायची, किंवा पेनड्राइव्हला 'ओईएमडीआरव्ही' असं लेबल द्यायचं, मग इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो. रेड हॅटच्याच कुळातल्या अल्मालिनक्सने मे २०२४ च्या ९.४ आवृत्तीपासून असे वगळलेले बरेच आकडे परत घेतले. डेबियन या वेगळ्या लिनक्सचा कर्नल मूळ यादी तशीच ठेवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

जुन्या मशीनवर दुसरी भिंत प्रोसेसरची आहे. रेड हॅट ९ ला एक्स८६-६४ प्रोसेसरांच्या सूचनासंचाची दुसरी पातळी लागते, आणि २०२५ मध्ये आलेल्या १० ला तिसरी, म्हणजे एव्हीएक्स२ या सूचना असलेला प्रोसेसर. इंटेलच्या झिऑन ई५ च्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये त्या नाहीत. इथे ड्रायव्हर डिस्कने काही होणार नाही, कारण सगळे प्रोग्रामच त्या सूचना धरून बांधलेले असतात. अल्मालिनक्स १० दुसऱ्या पातळीसाठी वेगळी बांधणी देतं. सर्व्हर फुकट मिळत असला तरी स्वीकारण्याआधी प्रोसेसरचं मॉडेल विचारून घ्या.

अपडेटनंतर वर न येणाऱ्या मशीनबद्दल थोडक्यात सांगतो. कर्नल पॅनिकच्या, म्हणजे कर्नल हतबल होऊन थांबल्याच्या, ओळीत 'अननोन-ब्लॉक' या शब्दापुढे कंसात दोन आकडे असतात, आणि ते बघितल्याशिवाय लोक मोबाइलवर फोटो काढून पाठवतात तेव्हा नेमका तोच भाग कापलेला असतो. ०,० असेल तर कर्नलच्या हाती एकही डिस्क लागलेली नाही. बहुधा इनिटरॅमएफएस बनलीच नाही किंवा अर्धी बनली, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेलं बूट पार्टिशन. पहिला आकडा ८ असेल तर डिस्क सापडली आहे, फाइलसिस्टीम जोडता आलेली नाही. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्या प्रकारात ग्रबमधून जुना कर्नल निवडा, तो वर येईल, मग ड्रॅकट या साधनाने नवी इनिटरॅमएफएस बांधा. ड्रॅकटच्या आणीबाणीच्या शेलमध्ये अडकला असाल तर तिथे आरडीएसओएसरिपोर्ट नावाची फाइल तयार असते. ती वाचा, वाचून झाल्यावरच रीबूट करा.

आता मध्येच आपोआप रीबूट होणाऱ्या सर्व्हरबद्दल. लिनक्सच्या लॉगमध्ये काही सापडत नाही, ओळी मध्येच तुटतात. मग बीएमसीची घटनानोंद उघडा. तिथे मेमरीची दुरुस्त न होणारी चूक किंवा पॉवर सप्लाय गेल्याची नोंद असू शकते. वेळ जुळवताना भान ठेवा. बीएमसीचं घड्याळ पुष्कळदा यूटीसीवर असतं आणि तुमचा लॉग भारतीय वेळेत, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक पडतो आणि एकच घटना दोन वेगळ्या वाटतात. ईसीसी मेमरी एका बिटाची चूक मुकाट्याने सुधारते, पण नोंद करते. या नोंदी गोळा करणारा रासडीमन चालू ठेवला तर कुठल्या खाचेतली पट्टी वारंवार चुकते आहे हे ती पूर्ण निकामी व्हायच्या आधी कळतं. जर्नल, म्हणजे सिस्टीमडीची नोंदवही, डिस्कवर टिकून राहतं ना, हेही बघा. नसेल तर वार-लॉगमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी करा. नाहीतर मागच्या बूटचं काहीच हाती लागणार नाही.

फर्मवेअर अपडेट करायला आपण कचरतो. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' या प्रश्नाला मी एकच उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी, आणि डेटा परत मिळणार नाही. आकडा ओळखलात? दोनचा पंधरावा घात. आता विचार करा: एका सर्व्हरमधल्या डिस्क एकाच दिवशी सुरू झालेल्या असतात. त्या एकाच तासाला जाणार. तिथे एक डिस्क गेली तरी चालणारं रेड ५ काय आणि दोन गेल्या तरी चालणारं रेड ६ काय! फर्मवेअर आधी बदलणं एवढाच उपाय होता. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतही सुमारे १,०४४ दिवस सलग चालल्यावर एखादा कोअर झोपेतून उठत नाही असा दोष आहे. अपटाइमचा मोठा आकडा मिरवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. ठरलेल्या दिवशी, दिवसाउजेडी केलेलं रीबूट हे देखभालीचं काम आहे.

सर्व्हर वापरात देण्याआधीचा एक दिवस मात्र स्वतःसाठी मागून घ्या, आणि वरिष्ठ घाई करत असले तरी तो सोडू नका. इन्स्टॉल करण्यापूर्वी सिस-फर्मवेअरमध्ये 'ईएफआय' ही डिरेक्टरी आहे का पाहा. नसेल तर तुम्ही जुन्या बायोस पद्धतीने बूट झाला आहात, आणि दोन टेबीबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवर एमबीआर ही जुनी विभागणी पुरत नाही. नेटवर्क कार्डाची नावं गृहीत धरू नका; आवृत्ती बदलली किंवा एखादं कार्ड दुसऱ्या खाचेत गेलं की नाव बदलू शकतं, म्हणून जोडणी कार्डाच्या स्वतःच्या मॅक पत्त्यावर बांधा. एफएसटॅब या डिस्कजोडणीच्या फाइलमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी ही तिची ओळख लिहा आणि बाहेरच्या स्टोरेजला 'नोफेल' लावा, म्हणजे ते नसलं तरी बूट अडणार नाही. कर्नल पडताना मेमरीची नोंद ठेवणारा केडंप चालू करा आणि सिसआरक्यू या कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीने मुद्दाम कर्नल पाडून वार-क्रॅशमध्ये फाइल खरंच पडते का तपासा. मग एक पॉवर केबल काढा. रेडमधली एक डिस्क ओढा, कंट्रोलरने सूचना पाठवली का पाहा, परत खोचा, पुनर्बांधणीला किती तास लागले ते लिहून ठेवा. ही नोंद सर्व्हरच्या मॉडेलसह, फर्मवेअरच्या आवृत्तीसह, त्या दोन पीसीआय आकड्यांसह अशा ठिकाणी ठेवा, जिथे तुम्ही रजेवर असताना रात्रपाळीच्या माणसाला ती सापडेल.