बोटांच्या आधी खांदा

लहान मुलांना लिहायला बसवण्याआधी त्यांच्या शरीराची आणि मनाची तयारी कशी होते, ते या दृश्यांतून बघूया. हा हात बघा. साडेतीन वर्षांची मुलगी आहे, खडू मुठीत गच्च धरलाय आणि रेघ ओढताना बोटं जागची हलत नाहीयेत, सगळं काम खांदा करतोय. या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं. हातावरचा ताबा वरून खाली येत जातो, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटांचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि आपल्याला घाई आहे म्हणून हा क्रम काही बदलत नाही.

आता हा एक्स-रे. मोठ्या माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या एक्स-रेत त्यातलं सहसा एकही दिसत नाही, कारण तिथे अजून मऊ कूर्चाच असते. मग ती एकेक करून घट्ट होत जातात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी निम्मी झाली असली तरी खूप, आणि शेवटचं दिसायला तर आठ ते बारा वर्षं लागतात. आणि याच मनगटाकडून आपण दोन रेघांच्या मधे बसणारं अक्षर मागतो!

जिन्यावरचा हा मुलगा बघा, चढताना मोठ्या माणसासारखा एकेका पायरीवर एकेक पाय टाकतोय, पण उतरताना? प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय, कठडा घट्ट धरून. उतरताना एका पायावर तोल सांभाळावा लागतो, ते साधारण चौथ्या वर्षी जमतं, लंगडी पण त्याच सुमारास.

आता हा पत्त्यांचा खेळ नीट बघा, मला यातलं सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच आहे. आधी रंग बघून पत्ते लावायचे, लाल इकडे निळे तिकडे, तीन वर्षांच्या मुलाला ते छान जमतंय. मग ताई सांगते, आता रंग नाही, आकार बघायचा, म्हणजे पत्त्यावर कशाचं चित्र आहे ते. ससा कुठे जाणार विचारलं तर तो बरोबर जागा दाखवतो, आणि पत्ता हातात आला की परत रंगानेच ठेवतो. नियम त्याला कळलाय, पण हाताला लागलेली सवय थांबवता येत नाहीये. पाच वर्षांची मुलगी मात्र एक क्षण थांबते आणि बरोबर लावते. हे थांबता येणं म्हणजेच विचार करण्याची मोठी पायरी, आणि ती पळापळीच्या खेळात, "स्टॅच्यू" म्हटलं की जागच्या जागी गोठण्यात रोज घडत असते.

हा बटण लावतोय आणि स्वतःशीच बोलतोय, "आता हे आत, मग ओढायचं". रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणायचे की मुलं असं मोठ्याने बोलत स्वतःला वाट दाखवतात आणि पुढे हेच बोलणं आत जाऊन विचार बनतं. त्यामुळे कृपा करून त्याला गप्प बस म्हणू नका.

शेवटी ही चित्रं, वयाप्रमाणे लावलीत. तीनच्या आसपास गोल, चारला अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाचच्या पुढेमागे त्रिकोण, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड. त्याआधीच पानंच्या पानं गिरवायला लावली की हात दुखतो, पेन्सिल वाकडी धरायची सवय लागते आणि लिहिणं नकोसं होतं. माती मळणं, कागद फाडणं, दोरीला लोंबकळणं, हीच या वयाची लिखाणाची तयारी.