खालच्या पत्रिकेचा कोपरा

नमस्कार श्रोतेहो.

लग्नसराईत घरी पत्रिका येतात आणि टेबलावर एकीवर एक पडत जातात. वरची जरा सरकवली की खालचीचा कोपरा दिसतो, त्यावरचा गणपती दिसतो. कारण खालची पत्रिका तिथे असतेच. संगणकाच्या पडद्यावर मात्र खाली काहीच नसतं. हे ध्यानात ठेवा, खाली काहीच नसतं. पडद्यावर ठिपक्यांचा एकच थर. त्या काळी वरची खिडकी, म्हणजे एखाद्या प्रोग्रामची चौकट, हलवली की उघडी पडलेली जागा पुन्हा रंगवावी लागे, आणि नेमकी तेवढीच. या रंगकामाभोवती ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट आधी एकत्र आले, मग कोर्टात गेले. आज त्याविषयी बोलायचंय.

झेरॉक्स म्हटलं की आपल्याला कोपऱ्यावरचं दुकान आठवतं. पण त्या कंपनीची कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला, एक संशोधन संस्था होती. तिथे 1973 पासून आल्टो नावाचा संगणक चालत होता. माउस, खिडक्या, सगळं त्यात होतं. डिसेंबर 1979 मध्ये ॲपलची मंडळी तो बघायला गेली. झेरॉक्सने काही फुकट दाखवलं नाही. बदल्यात तिला ॲपलचे 1 लाख शेअर 10 लाख डॉलरला घेता आले. त्या मंडळींत स्टीव्ह जॉब्ज होता, हे सगळ्यांना माहीत असतं. मला सांगायचंय ते त्याच्याबरोबर गेलेल्या, ॲपलसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या बिल ॲटकिन्सनविषयी.

ॲटकिन्सनने पडद्यावर एकमेकींवर आलेल्या खिडक्या पाहिल्या. अर्धवट झाकलेल्या खिडकीतही चित्र उमटत राहतं, झाकलेला भाग सोडून बाकीचं आपोआप नीट होतं, असं त्याला दिसलं. परतल्यावर तो कामाला लागला. या लोकांना जमलंय, म्हणजे जमण्यासारखं आहे, एवढंच त्याच्या मनात. अडचण मेमरीची होती. पुढे 1984 मध्ये ॲपलचा जो मॅकिंटॉश नावाचा संगणक आला, त्याची मेमरी होती 128 किलोबाइट. पूर्ण पडद्याच्या एकाच चित्राला त्यातली सुमारे 22 किलोबाइट लागत. प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं जपून ठेवणं परवडण्यातलं नव्हतं. मग त्याने चित्र जपायचं सोडलं आणि आकार जपला. कुठला भाग उघडा, कुठला झाकलेला, त्याची कडा कशी वळते, एवढीच नोंद, आणि तीही अगदी थोड्या जागेत. या आकाराला त्याने नाव दिलं रीजन. दोन रीजनांची बेरीज करायची, वजाबाकी करायची, आणि उरेल तेवढाच तुकडा रंगवायचा. पुन्हा सांगतो, चित्र नाही, आकार जपायचा.

या कामाने त्याला इतकं घेरलं की एका सकाळी त्याची मोटार रस्त्याकडेला उभ्या ट्रकमध्ये घुसली. जिवावरचं दुखणं होतं. तो बेशुद्ध होता. जॉब्ज धावत इस्पितळात गेला. ॲटकिन्सनला शुद्ध आल्यावर म्हणाला, आम्हाला फार काळजी वाटली रे तुझी. ॲटकिन्सन कसंबसं हसला आणि म्हणाला, काळजी करू नकोस, रीजन माझ्या लक्षात आहेत.

आणि नंतर, काही वर्षांनी, त्याला कळलं की झेरॉक्सच्या माणसांनी हे केलेलंच नव्हतं! आल्टोवर अर्धवट झाकलेल्या खिडकीत काही उमटत नसे, खिडकी आधी वर आणावी लागे. त्याने जे पाहिलं असं त्याला वाटलं, ते तिथे नव्हतंच. हे होत नाही हे ठाऊक नव्हतं म्हणून मला करता आलं, असं तो स्वतः सांगायचा.

याच माणसाकडे वरिष्ठांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा तक्ता मागायला सुरुवात केली. त्याने त्या आठवड्यात रीजनचा भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला होता आणि त्यात 2000 ओळी कमी झाल्या होत्या. त्याने तक्त्यात लिहिलं, उणे 2000. थोड्या दिवसांनी त्याच्याकडे तक्ता मागणं बंद झालं. मला मनापासून वाटतं, शिक्षकांकडून, ग्रामसेवकांकडून, आशाताईंकडून आपण जे रकाने भरून घेतो, ते एकदा या गोष्टीच्या उजेडात बघावेत. मूल वाचायला लागलं हे कुठल्या रकान्यात मावतं?

असो. आता कंपन्यांकडे येऊ. मॅकिंटॉश बाजारात यायच्या दोन वर्षं आधी, जानेवारी 1982 मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्यासाठी प्रोग्राम लिहून देण्याचा करार केला. आज कचेऱ्यांत एक्सेल उघडतो ना, तो 1985 मध्ये पहिल्यांदा मॅकिंटॉशवरच आला. पण मधल्या काळात, नोव्हेंबर 1983 मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा केली आणि ॲपलमध्ये संताप उसळला. दोन वर्षांनी तडजोड झाली. ॲपलने विंडोजला आपल्यासारखं रूप वापरायची परवानगी दिली. त्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रामांच्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, एकीवर एक येत नसत. 1987 च्या अखेरीला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकीवर एक आल्या, आणि मार्च 1988 मध्ये ॲपलने दावा ठोकला.

न्यायालयात पडद्यावरच्या 189 गोष्टी मोजल्या गेल्या. त्यातल्या 179 त्या तडजोडीच्या करारात बसतात, असं न्यायाधीश म्हणाले. बसत नव्हतं ते काय? चित्रखुणांच्या, म्हणजे आयकॉनच्या, काही गोष्टी, आणि खिडक्यांचं एकमेकींवर येणं. वाद तेवढ्यावर उरला. शेवटी ठरलं की खिडकीवर खिडकी ही कल्पना आहे, आणि कल्पनेवर कॉपीराइट सांगता येत नाही. मला हा निकाल पटतो. ॲटकिन्सनचं श्रेय कल्पनेचं नव्हतंच, ते कृतीचं होतं.

फेब्रुवारी 1995 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲपलचं म्हणणं ऐकायला नकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज 95 दुकानांत आलं.

नमस्कार.