तेवीस कामं, तेवीस माणसं : ब्रिस्बेन लायन्सचा 2026 चा संघ

(दृश्य : पांढरा फळा. त्यावर मार्करनं काढलेलं लंबगोल मैदान. बाजूला नावं लिहिलेली चुंबकं.)

हे मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं. बाजूला चाळीसच्या आसपास नावं आहेत. त्यातली अठरा मैदानात उतरणार, पाच बाकावर बसणार. उरलेली या फळ्यावरून खाली येतील.

संघ आहे ब्रिस्बेन लायन्स, या खेळाच्या सर्वोच्च लीगमधला. 2024 च्या अंतिम सामन्यात सिडनीला 60 गुणांनी हरवलं, 2025 मध्ये गीलाँगला 47 गुणांनी. लागोपाठ दोन वर्षं विजेता. मग गेल्या सप्टेंबरचीच यादी पुन्हा लिहायला काय हरकत आहे? हरकत अशी, की माणसं गेली आणि नियम बदलले.

आधी माणसं. रक, म्हणजे खेळ सुरू होताना वर गेलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू, ऑस्कर मॅकिनर्नी निवृत्त झाला. समोरच्या संघाच्या चपळ, बुटक्या फॉरवर्डला बांधून ठेवणारा ब्रँडन स्टार्सेविच वेस्ट कोस्टला गेला. 2024 च्या अंतिम सामन्यात चार गोल मारणारा कॅलम आ ची अ‍ॅडलेडला गेला. आले दोघं, दोघंही फ्री एजंट, म्हणजे करार संपल्यावर मोकळे झालेले खेळाडू म्हणून: वेस्ट कोस्टचा उंच फॉरवर्ड ऑस्कर अ‍ॅलन आणि एसेंडनचा रक सॅम ड्रेपर.

आता फळ्याकडे नीट बघा. अठरा जागांवर आम्ही अजून एकही नाव लावलेलं नाही, फक्त कामं लिहिली आहेत. पंचवीस उत्तम खेळाडूंची नावं काढणं सोपं असतं, कुठलाही चाहता ते करतो. त्या यादीत मग चेंडू हिसकावणारे सात निघतात, आणि चेंडू गेल्यावर उलट्या दिशेनं पळत येणारा एकही नसतो. म्हणून एका ओळीत एक काम लिहायचं, आणि त्यापुढे पहिला, दुसरा, तिसरा अशी तीन नावं. जिथे दुसरा रकाना रिकामा राहतो, तिथे संघ कच्चा.

(दृश्य : संथ गती. दोन उंच खेळाडू हवेत, त्यांच्या वर पिवळा चेंडू.)

पहिली ओळ रकची.

प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर खेळ इथून सुरू होतो. आतापर्यंत पंच चेंडू जमिनीवर आपटून वर उडवायचे. तो वाकडा उडाला, की एका रकला फुकटचा फायदा. 2026 पासून पंच तो हातानं सरळ वर फेकतील. शिवाय रकनं मधली रेषा ओलांडून समोरच्याला आधीच भिडायचं नाही. छाती लावून, रेटून जागा अडवणाऱ्या जड रकची किंमत एका फटक्यात उतरली. आता बघायची ती उडी, आणि उडी घेण्याची वेळ.

हवेतला हात चेंडूला नुसता लागून भागत नाही. खाली आपले तीन मिडफिल्डर उभे असतात. टॅप, म्हणजे हातानं चेंडू आपल्या माणसाकडे ढकलणं, तो कुठे मारायचा ते घड्याळाच्या आकड्यांवर आधीच ठरलेलं असतं. दोनच्या दिशेला म्हटलं, की दोनकडे धावणारा पळता पळताच चेंडू घेणार. टॅप पाऊणएक मीटर जरी चुकला, तरी त्याला थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसावर दोघं तुटून पडतात.

लायन्सकडे या कामाला दोन नावं आहेत, दोघंही दोन मीटरच्या वर. डार्सी फोर्ट आणि ड्रेपर. 2024 ला अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात मॅकिनर्नीचा खांदा निखळला, तेव्हा फोर्टनंच ती जागा निभावली होती. ड्रेपर उडीत सरस. नवा नियम जणू त्याच्यासाठीच लिहिला असं वाटावं. पण 2025 च्या हंगामात त्याची टाचेमागची कंडरा, म्हणजे अकिलिस, तुटली. उडीचा सगळा जोर ज्या कंडरेतून येतो, नेमकी तीच.

(दृश्य : एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणारा खेळाडू, पोटरीचा जवळून घेतलेला शॉट.)

हा व्यायाम साधा दिसतो. एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. दुखऱ्या पायावर किती फेऱ्या झाल्या आणि चांगल्या पायावर किती, याची तुलना होते. फेऱ्यांचा आकडा जुळला तरी टाच तेवढीच उंच उचलली जातेय का, हेही मोजतात, कारण लांबावलेली कंडरा तिथेच पकडली जाते. सरळ रेषेत धावणं लवकर परत येतं. धावत येऊन एका पायावर उसळणं सगळ्यात शेवटी. त्यामुळे आमच्या फळ्यावर मार्चमध्ये सुरुवातीच्या टॅपला फोर्ट, आणि ड्रेपर बाकावरून. जूननंतर ही दोन चुंबकं जागा बदलू शकतात.

(दृश्य : बाकावरून धावत आत जाणारा खेळाडू, बाहेर येणाऱ्याच्या हाताला टाळी. कोपऱ्यात मोजणारा आकडा.)

दुसरा बदल बाकावरचा. 2023 ते 2025 या तीन हंगामांत बाकावर चौघं असायचे आणि पाचवा बदली खेळाडू. तो एकदाच आत जायचा, आणि ज्याच्या जागी गेला तो परत येऊ शकत नसे. गेल्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक ख्रिस फेगन यांनी हा नियम छान वापरला. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलेल्या लॅकी नीलची पोटरी दुखावलेली होती. त्याला त्यांनी बदली म्हणून ठेवलं आणि दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं.

आता ती खिडकी बंद. पाचही जण साधे बाकावरचे, हवं तेव्हा आत, हवं तेव्हा बाहेर. मात्र अदलाबदलीची मर्यादा तीच, एका सामन्यात 75.

हिशेब करून बघू. चार क्वार्टर, म्हणजे क्वार्टरला अठरा-एकोणीस. थांबलेला वेळ धरून क्वार्टर साधारण अर्ध्या तासाची होते. म्हणजे दर दीड मिनिटाला एक अदलाबदल. क्वार्टरमधल्या विश्रांतीत केलेले बदल यात मोजत नाहीत, म्हणून शिट्टीच्या तोंडावर कुणाला बाहेर काढणं हा अपव्यय. सगळ्यांत जास्त वाटा मिडफिल्डरांचा, कारण ते सामन्यात बारा ते पंधरा किलोमीटर धावतात. गोलसमोरचा उंच बचावपटू बहुतेक वेळ आतच असतो. त्याला बाहेर काढायचं, तर त्याच्या जागी तेवढाच उंच माणूस बाकावर हवा, आणि तसा बहुधा नसतो.

बिघडतं ते असं. पाचांपैकी एक दुसरा रक असला, की तो फक्त रकशीच बदलतो. राहिले चार. दुखापतीतून उठलेले दोघं एकाच आठवड्यात घेतले आणि त्यातला एक पहिल्या क्वार्टरला लंगडत बाहेर आला, की राहिले तीन. कुणाच्या डोक्याला मार लागून त्याला तपासणीसाठी आत नेलं, तर दोन. मेंदूला धक्का बसल्याचं निघालं, तर तो खेळाडू किमान 12 दिवस बाहेर, म्हणजे पुढचा सामनाही बहुधा गेला. आणि या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरला मिडफिल्डचे पाय उचलेनासे होतात. चाहत्यांना तेव्हा वाटतं, संघानं हिंमत सोडली. खरं तर ते निवडीच्या रात्रीच ठरलेलं असतं. म्हणून आमचा नियम कडक आहे: दुखापतीतून परतणारा एका आठवड्यात एकच.

(दृश्य : रात्रीचं गॅबा, दिव्यांच्या झोतात चमकणारं गवत. हातातून निसटणारा चेंडू.)

हे गॅबा, लायन्सचं ब्रिस्बेनमधलं घरचं मैदान. 2021 च्या जानेवारीत अजिंक्य रहाणेच्या संघानं इथे कसोटी जिंकली, आणि त्याच सामन्यात आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरनं वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या विकेटसाठी 123 धावा जोडल्या. मार्च उजाडला, की याच मैदानाच्या दोन टोकांना चार-चार खांब उभे राहतात.

मार्चमधली ब्रिस्बेनची रात्र दमट असते. गवतावर दव, हातांना घाम, आणि चामड्याचा चेंडू साबणासारखा. दोन हातांनी वरच्या वर झेलणं, ज्याला मार्क म्हणतात, ते कोरड्या मेलबर्नमध्ये जितकं सोपं तितकं इथे नाही. फॉरवर्ड फळी ठरवताना हाच मुद्दा पहिला.

लायन्सकडे उंच फॉरवर्ड भरपूर. लोगन मॉरिस, नवा आलेला अ‍ॅलन, अंतिम सामना खेळलेला तरुण टाय गॅलप. एरिक हिपवूड गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यामुळे बाहेर आहे. तिघं उंच लावावेत असा मोह होतो. अ‍ॅलननं 2023 मध्ये वेस्ट कोस्टसारख्या तळाच्या संघाकडून 53 गोल मारले होते, त्याला कोण बाहेर ठेवणार?

त्याला ठेवायचं नाहीच. बाहेर राहील तो तिसरा. निसरड्या रात्री उंच माणसाच्या हातून चेंडू खाली पडतो, आणि पडलेला चेंडू उचलायला चार्ली कॅमरन, काय लोमन यांच्यासारखे बुटके, वळणारे पाय लागतात. तीन उंच असले, की समोरचे बचावपटू चेंडू उचलून आरामात पळत सुटतात, त्यांच्या मागे धावायला कुणी नसतं. चेंडू गोलपुढच्या पन्नास मीटरच्या कमानीत अडकवून ठेवता आला नाही, तर वर कितीही उंच हात असोत. शिवाय दोन रकपैकी एक अधूनमधून गोलसमोर उभा राहणारच आहे, तिसऱ्या उंच माणसाचं काम तोच करतो. गॅलपला हे कठोर वाटेल. सप्टेंबरच्या कोरड्या दुपारी मेलबर्नला आम्ही त्याला घेऊ.

(दृश्य : वरून, ड्रोनमधून. मैदानाची लांबी-रुंदी, मध्यभागी 50 मीटरचा चौकोन.)

मैदान बदललं की कामंही थोडी सरकतात. गॅबा सुमारे 156 मीटर लांब, 138 रुंद. गीलाँगचं 170 लांब पण जेमतेम 115 रुंद. तिथे चेंडू एका कडेवरून दुसऱ्या कडेला फिरवायला जागाच नाही. म्हणून विंगवर पळणाऱ्यापेक्षा कडेच्या गर्दीत टिकणारा जॅरड बेरी तिथे जास्त उपयोगी.

मधल्या चौकोनात सुरुवातीला प्रत्येक संघाचे चौघंच: रक आणि तीन मिडफिल्डर. दोघं विंगवर. दोन्ही टोकांच्या कमानींत सहा-सहा, त्यातला एक गोलच्या चौकटीत. 2019 पासूनचा हा सहा-सहा-सहाचा नियम. तो मोडला तर समोरच्याला फ्री किक. त्यामुळे एक जादा माणूस मागे उभा करून आघाडी राखण्याची जुनी युक्ती निदान सुरुवातीला तरी चालत नाही.

त्या तिघांत विल अ‍ॅशक्रॉफ्ट हवाच. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्याचं. दुसरा जॉश डंकली, समोरच्याच्या मुख्य मिडफिल्डरला चिकटणारा. याचं नाव बातम्यांत कमी येतं, फळ्यावर मात्र ते लवकर लागतं. तिसऱ्या जागी ह्यू मक्लगेज आणि नील आलटून पालटून. नीलला आम्ही बाकावरून सुरू करतोय, मान कमी म्हणून नव्हे, मिनिटं मोजता यावीत म्हणून.

(दृश्य : सराव. बचावपटू मागे पळत, वर बघत, मुठीनं चेंडू दूर मारतो.)

रिकामा रकाना इथे आहे, बचावात. हॅरिस अँड्र्यूज पहिला, त्यात वाद नाही. त्याच्या जोडीला दुसरा उंच बचावपटू डार्सी गार्डिनर. तिसरं नाव जॅक पेनचं असायला हवं होतं, पण त्याच्या गुडघ्याला मोठी इजा झाली आहे. म्हणजे अँड्र्यूज किंवा गार्डिनर, एकालाही काही झालं, की रायन लेस्टरला आपल्यापेक्षा उंच माणसासमोर उभं राहावं लागेल. क्लबनं गेल्या वर्षाअखेर रक आणि फॉरवर्ड आणले, उंच बचावपटू आणला नाही. आमच्या मते चूक तिथे आहे.

स्टार्सेविचचं काम आम्ही डार्सी विल्मॉटला देतोय. त्याची पुढे धावत सुटायची सवय त्यामुळे आखडेल. ती धाव भरून काढायला डेन झॉर्को आणि जॅस्पा फ्लेचर आहेत. 2023 च्या अंतिम सामन्यात चमकलेला कीडियन कोलमन पुढच्याच वर्षी गुडघ्यानं बसला. तो तंदुरुस्त असेल तर बाकावरून, कारण त्याच्या किकसारखी किक या संघात दुसऱ्या कुणाची नाही.

जे फळ्यावरून खाली येतील ते दुय्यम संघातून व्हीएफएल ही खालच्या पातळीची स्पर्धा खेळतील. काहींचा करार याच वर्षी संपतो.

(दृश्य : चुंबकं एकेक करून जागेवर. नावं पडद्यावर.)

मागची फळी: विल्मॉट, गार्डिनर, लेस्टर. हाफ बॅक: झॉर्को, अँड्र्यूज, फ्लेचर. मध्य: बेरी, मक्लगेज, लीव्हाय अ‍ॅशक्रॉफ्ट. हाफ फॉरवर्ड: झॅक बेली, अ‍ॅलन, कॅम रेनर. फॉरवर्ड: कॅमरन, मॉरिस, लोमन. चेंडूमागे: फोर्ट, डंकली, विल अ‍ॅशक्रॉफ्ट.

बाकावर नील, ड्रेपर, कोलमन, सॅम मार्शल, ब्रूस रेव्हिल. कोलमन आणि ड्रेपर एकाच आठवड्यात परतले तर आमचाच नियम मोडतो. तेव्हा पहिल्या सामन्याला दोघांतला एकच, आणि तो ड्रेपर. कोलमनच्या जागी नुकताच ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून आलेला डॅनियल अ‍ॅनेबल. राखीव तीन: पहिला गॅलप, दुसरा कोलमन, तिसरा समोरचा संघ आणि हवामान बघून.